चिडाचं झाड आणि डोईवरची मोळी



आज आम्ही एका झाडाचा इतिहास सांगणार आहोत. झाड आपल्याकडचं नाही, हिमालयाच्या उतारावरचं आहे, उत्तराखंडातलं. मग ते आपल्या रेडिओवर कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं कारण आपल्याच बैठकांमध्ये आहे. दर उन्हाळ्याच्या तोंडावर गायरानात किंवा बांधावर काय लावायचं हा विषय निघतो, आणि मागणी ठरलेली असते: पाणी घालावं लागणार नाही, गुरं तोंड लावणार नाहीत, मुरमाड जमिनीतही तग धरेल, असं झाड सांगा. असं झाड हिमालयात आहे. दीडशे वर्षांत तिथल्या सरकारने ते डोळ्यांत तेल घालून जपलं. त्या झाडाखाली राहणाऱ्या बायकांचं काय झालं, ते ऐकण्यासारखं आहे.

झाडाचं नाव चीड. आपल्या मराठीत चीड म्हणजे राग, पण नावाचा आणि रागाचा काही संबंध नाही, निदान सुरुवातीला तरी नव्हता. कुणी त्याला चीर म्हणतात. संस्कृतात त्याला सरल म्हणत, कारण ते सरळसोट वाढतं. कालिदासाच्या कुमारसंभवात हत्ती आपले गाल या झाडाला घासतात आणि त्यातून निघालेल्या चिकाचा वास डोंगरावर पसरतो, असं वर्णन आहे. म्हणजे या झाडाचा चीक कालिदासाच्या काळातही माणसाच्या नाकात होता. शास्त्रज्ञांनी त्याला पायनस रॉक्सबर्गी असं नाव दिलं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम केलेले विल्यम रॉक्सबर्ग नावाचे स्कॉटिश डॉक्टर होते, त्यांच्यावरून ते पडलं. कोकणात समुद्रकाठी सुरूची बनं पाहिलेल्या बायकांना वाटेल, हे तेच. तसं नाही. सुरू लांबून तसा दिसतो, पण तो पाइनच्या कुळातला नाही. आणि सुक्या मेव्यातला चिलगोजा मिळतो तो चिडाचा भाऊ, पण तो किन्नौरकडचा. चिडाचं बी बारीक असतं, त्याला पातळ पंख असतो आणि ते वाऱ्यावर भिरभिरत जातं.

आता या झाडाच्या सवयी बघू. साधारण 500 मीटरपासून 2000 मीटर उंचीपर्यंतच्या डोंगरात ते वाढतं. त्यातही ज्या उताराचं तोंड दक्षिणेला असतं, जिथे दिवसभर ऊन लागतं, माती पातळ आणि दगड जास्त, तिथे ते खुशाल उभं राहतं. त्याला पान म्हणून जे असतं ती सुई, तीन-तीन सुयांचा एक जुडगा. सुई वीतभर लांब, कधी त्याहूनही लांब, पण रुंदी दोऱ्याएवढी. वरून मेणासारखा थर. पानावरची श्वासाची छिद्रं सुईत खोल बसवलेली. जमिनीतलं पाणी आटलं की हे झाड ती छिद्रं लवकर मिटून घेतं. आत आहे तेवढं पाणी धरून ठेवायचं, वाढ थांबली तरी चालेल, असा त्याचा हिशेब. रोप लहान असतानाच मुख्य मूळ सरळ खाली जातं. सावली मात्र त्याला सोसत नाही. दुसऱ्या झाडाखाली चिडाचं रोप मोठं होत नाही. उघडी जागा लागते: दरड कोसळलेली, शेत सोडून दिलेलं, नाहीतर जंगल तोडून मोकळं केलेलं.

दुसरी सवय आगीची. चिडाची साल जाड, भेगाळलेली असते. जमिनीवरून पळणारी आग मोठ्या झाडाचं फारसं बिघडवत नाही, बुंधा काळा होतो आणि झाड उभं राहतं. कोवळं रोप जळलं तरी खालून पुन्हा फुटतं. पाइनच्या जातीत हे गुण सर्रास नसतात. त्यातून गंमत अशी की आगीला लागणारं सरपण हे झाड स्वतःच घालतं. मार्च ते जून, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत, जुन्या सुया गळतात. तिकडे त्यांना पिरूल म्हणतात. पिरुलात राळ असते, ती लवकर कुजत नाही आणि ठिणगी पडली की पेटते. आग लागली की खालची इतर झाडांची रोपं जळतात, जमीन उघडी होते, ऊन पडतं, आणि चिडाचं बी तिथे रुजतं. दुष्काळात टिकायचं, आगीत टिकायचं, आणि आगीनंतर मोकळी झालेली जागा आधी धरायची, अशी या झाडाची रीत आहे. यात झाडाचा काही दोष आहे असं आम्हाला वाटत नाही. ते आपला संसार करतं.

त्याच डोंगरात, साधारण 1200 मीटरच्या वर, त्याचा शेजारी आहे बांज. हा ओकच्या कुळातला. पानं रुंद, वरून हिरवी, खालून पांढुरकी. झाड सावकाश वाढतं. डोंगरातल्या बाईचा दिवस ज्या कामांत जातो, त्या जवळजवळ प्रत्येक कामात बांज आहे. पाला म्हशीला वैरण. वाळलेली पानं गोठ्यात अंथरायची, मग ती शेणामुतासकट शेतात, तेच खत. लाकूड चुलीत कडक आणि सावकाश जळतं. नांगराचं लाकूड, विळ्या-कुऱ्हाडीचे दांडे. बांजाच्या रानात पायाखालची माती ओली आणि भुसभुशीत असते, आणि गावाचा झरा बहुतेक वेळा अशाच रानाच्या पायथ्याशी असतो, असं तिकडच्या म्हाताऱ्या सांगतात. चिडाचा पाला म्हैस खात नाही. चिडाचं लाकूड भडकन पेटतं आणि भांडं काळं करतं. आणि पिरूल पसरलेल्या उतारावरून पाय असा घसरतो की गवत कापायला गेलेली बाई मोळीसकट खाली जाते. डोंगरात पिरुलावरून पडून हातपाय मोडणं ही नवलाची गोष्ट नाही.

तरीही पूर्वी चीड गावाला नकोसं होतं असं समजू नका. घराच्या तुळया त्याच्या. त्याच्या तेलकट लाकडाच्या चिपा दिव्यासारख्या जाळत. रॉकेल नव्हतं तेव्हा रात्रीचं येणं-जाणं त्या उजेडात होई. आणि चिडाखालचं सुकं गवत-पिरूल लोक हिवाळ्याच्या शेवटी मुद्दाम जाळत, म्हणजे पावसाळ्यात कोवळं गवत चांगलं येई. चीड वेगळ्या उतारावर, बांज वेगळ्या उतारावर, दोघांची कामं वेगळी, असा तो व्यवहार होता.

1815 मध्ये गुरख्यांचा पराभव करून इंग्रजांनी कुमाऊँ आणि गढवालचा पूर्व भाग घेतला. उरलेला गढवाल टिहरीच्या राजाकडे राहिला. 1823 मध्ये ट्रेल नावाच्या कमिशनरने गावोगावच्या शिवा ठरवल्या. संवत 1880 होतं, म्हणून तिकडे त्याला सन अस्सीचा बंदोबस्त म्हणतात. आमचं रान कुठपर्यंत, याचा पुरावा म्हणून गावं पुढे कितीतरी वर्षं तेच कागद दाखवत राहिली. तोवर सरकारचं लक्ष जंगलावर फारसं नव्हतं.

लक्ष गेलं रेल्वेमुळे. 1853 मध्ये आपल्याच बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि पुढच्या काही दशकांत देशभर रूळ पसरले. रुळाखाली लाकडी स्लीपर लागतात, मैलामागे शेकड्यांनी. आधी साग, साल आणि देवदार तोडले गेले. टिहरीच्या राजाकडून जंगलाचा ठेका घेऊन एका इंग्रजाने, फ्रेडरिक विल्सन त्याचं नाव, देवदाराचे ओंडके नदीत सोडून खाली मैदानात नेले आणि अफाट पैसा केला. 1865 मध्ये पहिला वनकायदा आला, 1878 मध्ये त्याहून कडक. हा कायदा आपल्याही वाट्याला आला होता. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला, त्यात जंगलखात्याने गुरांची चराऊ रानं कशी बळकावली याबद्दलचा संताप आहे. हिमालयातली बाई आणि पुणे जिल्ह्यातला कुणबी एकाच कायद्याखाली आले होते, दोघांना एकमेकांची खबर नव्हती इतकंच.

चीड मात्र सुरुवातीला सरकारच्या नजरेत हलकं होतं. त्याचे स्लीपर उन्हापावसात लवकर कुजत. दोन गोष्टींनी त्याचं नशीब फिरवलं. एक, लाकडाला क्रिओसोट नावाचं तेल पाजलं की ते टिकतं, हे कळलं. दुसरी, त्याचा चीक. त्याला तिकडे लीसा म्हणतात. खोडाची साल खरवडायची, लाकडाला खाच पाडायची, खाली पत्र्याची पन्हळ ठोकायची आणि त्याखाली वाडगं टांगायचं. झाड जखम बुजवायला चीक सोडतं, तो वाडग्यात जमतो. तो उकळला की दोन वस्तू मिळतात. वाफेतून टर्पेंटाइन, ते रंगकामाला. खाली उरते राळ, ती साबणाला, कागदाला. 1890 नंतर कुमाऊँत लीसा काढायचे प्रयोग सुरू झाले आणि पुढे बरेलीजवळ क्लटरबकगंजला त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. ज्या गावाचं नावच एका इंग्रज जंगल अधिकाऱ्यावरून पडलं, तिथे हा कारखाना असावा हे साजेसंच म्हणायचं.

आता खात्याच्या वहीत चीड पहिल्या ओळीत आलं. ते बियांपासून आपोआप उगवतं, गुरं खात नाहीत, कोरड्या उतारावर वाढतं, सरळ वाढतं, आणि उभ्या झाडातूनही वर्षानुवर्षं उत्पन्न देतं. आपण ज्या गुणांची यादी बैठकीत करतो, जवळजवळ तीच. बांज वाकडातिकडा, संथ, स्लीपरला निरुपयोगी. तो लष्करी छावण्या आणि थंड हवेच्या गावांना जळण आणि कोळसा पुरवायला कापला गेला. चीड आणि बांज मिसळून होते तिथे पुढच्या योजनांचा रोख शुद्ध चिडाकडे राहिला. बांजाची किंमत वहीत नव्हती. म्हशीचं दूध, शेतातलं खत, चुलीचं जळण, झऱ्याचं पाणी यांची नोंद कोणत्याही खात्याच्या वहीत होत नसे, कारण ते सगळं बायकांच्या डोक्यावरून घरात येत होतं आणि त्याची पावती फाटत नव्हती.

1893 मध्ये मोजणीबाहेरची सगळी जमीन सरकारने संरक्षित जंगल म्हणून आपली जाहीर केली. 1911 ते 1917 या काळात कुमाऊँतली हजारो चौरस किलोमीटर रानं राखीव झाली. किती गुरं सोडायची, कोणत्या झाडाचा पाला तोडायचा, जळण कुठून आणायचं, याचे नियम आले. आणि लीसा देणाऱ्या झाडांची काळजी म्हणून हिवाळ्यातली गवताची जाळणी बंद. त्यात एक उलटा परिणाम होता. दरवर्षी थोडं थोडं जळायचं ते जळेनासं झालं आणि पिरुलाचे थर साचत गेले. मग आग लागली की ती नेहमीची राहिली नाही. पुढे खात्यालाच हिवाळ्यात ठरवून जाळपट्टे काढावे लागले. म्हणजे गावकरी करत होते तेच, फक्त सरकारी हुकमाने.

याच्या जोडीला वेठबिगार होती. साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान गावाने वाहायचं. कुणाची पाळी, याच्या नोंदवह्या असत. 14 जानेवारी 1921 रोजी बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि इतरांच्या पुढाकाराने लोकांनी त्या वह्या सरयू नदीत बुडवल्या. आपण त्या दिवशी तिळगूळ वाटतो, त्यांनी वह्या वाहून दिल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुमाऊँची राखीव जंगलं पेटली. पेटली म्हणजे ठिकठिकाणी लोकांनी पेटवली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या काळाचा अभ्यास केला आहे. त्यांनी दाखवलं आहे की जळलं ते मुख्यतः चिडाचं, लीसा आणि लाकडाचं जंगल. बांजाच्या रानांना लोकांनी हात लावला नाही. एवढ्या संतापातही कोणतं झाड कुणाचं, हे लोक विसरले नव्हते. नावातला राग इथे खरा झाला.

सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्या शिफारशीनंतर जंगलाचे दोन वर्ग झाले. ज्याला व्यापारी किंमत नाही ते पहिल्या वर्गाचं, त्यावरचे निर्बंध सैल. ज्यात चीड आणि विकाऊ लाकूड ते दुसऱ्या वर्गाचं, ते खात्याकडेच. 1931 मध्ये वनपंचायतीचे नियम झाले आणि गावांना आपल्या रानाचा काही भाग स्वतः सांभाळता येऊ लागला. आज उत्तराखंडात बारा हजारांच्या आसपास वनपंचायती आहेत. हिंदुस्थानात गावाच्या ताब्यातल्या जंगलाचा हा फार जुना दाखला, आणि तो आगीतून मिळालेला. पण पंच सगळे पुरुष. पाला आणणारी, जळण आणणारी, गवत कापणारी बाई त्या पंचायतीत बसायला आणखी कितीतरी वर्षं लागली.

टिहरी संस्थानातही तेच होतं. 30 मे 1930 रोजी तिलाडीच्या मैदानात वननियमांविरुद्ध जमलेल्या लोकांवर राजाच्या फौजेने गोळीबार केला. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. दोन्हीकडे माणसं गवत आणि लाकडासाठी मेली.

स्वातंत्र्यानंतर जंगलखातं तेच राहिलं, ठेकेदार बदलले. या काळात बांजाबद्दल बोलणाऱ्या दोघी बायका होत्या, दोघी जन्माने इंग्लंडच्या, आणि दोघींचा रस्ता आपल्या वर्ध्यावरून गेला होता. मीराबेन गांधीजींबरोबर सेवाग्रामला राहिल्या होत्या. नंतर त्या ऋषिकेशजवळ आणि मग टिहरीतल्या भिलंगना खोऱ्यात गेल्या. तिथे फिरताना त्यांनी पाहिलं की बांजाची रानं मागे हटताहेत आणि त्यांच्या जागी चीड चढतंय. हिमालयात काहीतरी बिघडलं आहे, खालच्या पुरांचा धागा इथे आहे, असं त्यांनी लिहिलं. सरलाबेन याही सेवाग्रामला नई तालीमच्या कामात होत्या. त्यांनी 1946 मध्ये कौसानीला मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढला. पुढे चिपको आंदोलनात उतरलेले कितीतरी कार्यकर्ते त्यांच्या हाताखाली घडले.

चिपको म्हटलं की आपल्याला रेणी गाव आठवतं. 26 मार्च 1974, गावातले पुरुष बाहेर गेलेले, आणि गौरादेवी इतर बायकांना घेऊन कुऱ्हाडीसमोर उभी राहिली. जंगल हे आमचं माहेर आहे, असं तिने सांगितलं. ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही इथे थांबत नाही. आम्हाला आज हेंवलघाटीची गोष्ट सांगायची आहे, कारण ती चिडाची आहे.

1977 चं साल. टिहरीच्या या खोऱ्यात लीसा काढणारे ठेकेदार नियमापेक्षा खोल आणि जास्त खाचा पाडत होते. एकेका खोडाला इतक्या जखमा की वारा आला की झाड मोडून पडे. गावच्या लोकांनी काय केलं, तर झाडात ठोकलेले लोखंडी पत्रे उपटून काढले आणि जखमांवर मातीचा लेप देऊन पट्ट्या बांधल्या. जे झाड 1921 मध्ये कुमाऊँच्या लोकांनी जाळलं, त्याच झाडाला त्यांनी मलमपट्टी केली. राग झाडावर नव्हताच. त्याच खोऱ्यातल्या अदवाणीला लिलावात गेलेल्या झाडांना बायकांनी राखीसारखे धागे बांधले. पुढे होती बचनीदेवी. तिचा नवरा गावचा प्रधान आणि ठेकेदारही. नवऱ्याने घेतलेल्या ठेक्यासमोर बायको उभी राहिली, याचा घरात काय अर्थ होतो ते आपल्याला सांगायला नको. अधिकारी समजवायला आले तेव्हा बायका भरदिवसा पेटते कंदील घेऊन गेल्या. त्यांना उजेड दाखवायचा होता म्हणे. अधिकाऱ्यांनी जंगलाचं उत्पन्न म्हणून लीसा, लाकूड आणि परकीय चलन मोजलं. बायकांनी माती, पाणी आणि हवा मोजली.

आणि तीन वर्षांनी डुंगरी-पैंतोली. चमोली जिल्ह्यातलं हे गाव आमच्या मते रेणीपेक्षा जास्त सांगण्यासारखं आहे, पण त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. गावाजवळ बांजाचं रान होतं. 1980 मध्ये पुरुषांच्या पंचायतीने ते फळबाग खात्याला द्यायचं कबूल केलं. बदल्यात पक्का रस्ता, शाळा, दवाखाना मिळणार होता. वाईट सौदा दिसत नाही, नाही का? रस्ता कुणाला नको? पण बायकांना कुणी विचारलं नव्हतं. हे रान गेलं की वैरणीसाठी आणि जळणासाठी रोज आणखी पाच-सहा किलोमीटर चालावं लागणार, हा हिशेब फक्त त्यांच्याकडे होता. तोड सुरू झाली तेव्हा त्या आडव्या गेल्या. इथे समोर बाहेरचा ठेकेदार नव्हता, आपलेच सासरे, दीर, नवरे होते. धमक्या मिळाल्या, त्या हटल्या नाहीत आणि तोड थांबली. त्यानंतर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: गावच्या रानाचा निर्णय होतो तिथे आम्ही का नसतो? हा प्रश्न 1931 पासून उभा होता.

1981 पासून उत्तराखंडाच्या डोंगरात 1000 मीटरच्या वर हिरव्या झाडांची व्यापारी तोड बंद झाली. पण तोवर चीड पसरलेलं होतं, आणि तोड बंद केल्याने बांज आपोआप परत येत नाही. का येत नाही, याचं एक उत्तर 1984 मध्ये मिळालं. नैनितालच्या कुमाऊँ विद्यापीठातल्या जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात लेख छापला. चिडाच्या सुयांमध्ये नत्र फार कमी असतं. त्या कुजवणारे जिवाणू आणि बुरशी आपल्या वाढीसाठी मातीतलं नत्र ओढून घेतात आणि धरून ठेवतात. चीड कमी नत्रात भागवतं, बांजाच्या रोपाला ते पुरत नाही. हे आपल्याला कळायला अवघड नाही. न कुजलेला भुसा किंवा काड शेतात गाडलं की पुढचं पीक पिवळं पडतं, तेच हे, फक्त डोंगरभर. म्हणजे एकदा चीड आलं की माती त्याच्या सोयीची होते, आग त्याच्या सोयीची होते, ऊन त्याच्या सोयीचं होतं.

सगळं खापर चिडावर किंवा जंगलखात्यावर फोडणंही बरोबर नाही. बांजाच्या फांद्या शेंड्यापर्यंत छाटून गावांनीही त्याला दमवलं. फांद्या गेल्या की ऊन आत येतं आणि उन्हाबरोबर चीड. पण छाटण्याजोगं रानच कमी उरलं होतं, हेही खरं.

पौडी गढवालमधल्या उफरैंखाल भागात सच्चिदानंद भारती नावाच्या शिक्षकांनी 1980 नंतर गावांबरोबर काम सुरू केलं. डोंगराच्या खिंडीतल्या तळ्याला तिकडे खाल म्हणतात. गावाच्या नावात खाल होतं, तळं मात्र उरलं नव्हतं. त्यांनी चिडाच्या उतारांवर हजारो लहान खड्डे खोदले, कडेला गवत लावलं आणि मग बांज आणि रुंद पानांची इतर झाडं. क्रम महत्त्वाचा: आधी ओल, मग झाड. राखण कोण करणार? गावोगावच्या महिला मंगल दलांनी पाळ्या लावल्या. घुंगरं बांधलेली एक काठी असते. रानात फेरी मारताना ती वाजते. संध्याकाळी परतलेली बाई ती काठी शेजारणीच्या दारात ठेवते, उद्या तिची पाळी. ना रजिस्टर, ना सही. तिथला एक ओढा सुका म्हणूनच ओळखला जायचा, सुखारौला. तो पुन्हा वाहू लागला आणि लोकांनी त्याचं नाव गाडगंगा ठेवलं.

बाकी डोंगरात चीड आहे, आणि राहणार आहे. वनखात्याचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरलेला असतो. 2016 आणि 2024 च्या उन्हाळ्यात तिथल्या आगींच्या बातम्या आपणही ऐकल्या. आता पिरूल गोळा करून त्याचं काहीतरी करायचं असा प्रयत्न चालू आहे. पिथौरागढ जिल्ह्यातल्या बेरीनागला अवनी नावाची संस्था पिरुलापासून वायू काढून वीज करते आणि उरलेला कोळसा चुलीला देते. सरकार बचत गटांकडून पिरूल विकत घेतं. आधी भाव किलोला तीन रुपये होता, पुढे तो वाढवला गेला. आपण गटातल्या बायका, हिशेब लगेच करतो. तीन रुपयांनी वीस किलोच्या मोळीचे साठ रुपये. त्यासाठी घसरत्या उतारावर वाकून दात्याने सुया ओढायच्या, मोळी बांधायची, रस्त्यापर्यंत वाहायची. सुया गळतात एप्रिल-मेमध्ये. डोंगरात गव्हाची कापणीही त्याच दिवसांत असते, आणि कापणारे हात तेच असतात.